अप्पांचा केशरी ठोकळा

अँटॉप हिल
२५ जुलै

चि. हितेंद्र,

आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला थोडे रागावलेले आहेत.

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तुझं-माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी म्हणतो "काय?", तू म्हणतोस "नंतर करतो", आणि ते नंतर पुढच्या महिन्यात येतं. कानांनी मला सोडून सहा वर्षं झाली. अंबिका लेकीच्या हक्काने म्हणते, अप्पा, मेसेज टाका. तिच्या मोबाईलवरून एकदा टाकला, तो तिच्या साहेबांना गेला. "हितू, जेवलास काय रे?" याला त्यांनी "नोंद घेतली" असं उत्तर पाठवलं. म्हणून हे आंतर्देशीय. तुझ्या खोलीपासून इथे चालत यायला तासभर लागतो, पत्राला तीन दिवस लागतात आणि तुला दोन वर्षं झाली तरी जमलेलं नाही.

मुद्द्याचं लिहितो. माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. १४ ऑगस्ट, सकाळी अकरा, परळच्या हॉस्पिटलात. डॉक्टर सॅशा डिमेलो म्हणून गिरगावची मुलगी आहे. ती म्हणाली, आजोबा, उसवलेला सदरा शिवतात ना, तेवढंच आहे. मी एकतीस वर्षं गिरणीच्या कापडखात्यात काढली, मला शिवण कळते. पण त्या एकतीस वर्षांत मी सदऱ्याच्या बाजूने कधी विचार केला नव्हता. मला भीती वाटते. हे तुला लिहितोय, अंबिकेला बोललेलो नाही.

चाळीस वर्षं मी लालबाग-परळच्या मालवणी घरांत गाऱ्हाणं घातलं. पूजा आटोपली, नारळ ठेवला, की घरच्यांच्या वतीने देवाकडे जे मागायचं ते मी मागायचो आणि सगळं घर "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आपल्या घराण्याचा नियम तुला माहीत आहे, स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालायचं नाही. वकीलसुद्धा स्वतःची केस दुसऱ्याकडे देतो. दात गेले, कान गेले, तेव्हा माझी अकरा घरं मी तुला दिली. आता बारावं घर मीच. १४ तारखेला दहाला ये, नारळ ठेव आणि माझ्यासाठी चार वाक्यं बोल. मग मी आत जातो. तसं डॉक्टरणीला सांगून ठेवलंय.

उलट टपाली कळव.

तुझा काका,
अप्पा


काळाचौकी
२९ जुलै

तीर्थरूप अप्पा,

शिरसाष्टांग नमस्कार. घाईत आहे, पण आठही अंगं टेकवली आहेत असं समजा.

तुमचं पत्र वाचलं आणि पहिलं काम काय केलं असेल तर तुम्हाला भिंतीवर लावलं. म्हणजे तुमचा ठोकळा. मी एका टाइम-कोचचा ऑनलाइन कोर्स केला आहे. तो सांगतो, दिवस हा ठोकळ्यांचा असतो, रिकामी जागा दिसली की माणूस आळशी होतो. म्हणून तुमच्या जुन्या खोलीच्या भिंतीवर (जिथे तुमचा आणि काकींचा फोटो होता तिथे, फोटो आता पंख्याच्या बटणाजवळ आहे) मी मोठा तक्ता चिकटवला आहे. सकाळी साडेसहा ते नऊ परळच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, निळा रंग. दहा ते साडेतीन गिरगावात कार्मेन परेरा मॅडमचं कुरियर ऑफिस, हिरवा. चार ते साडेपाच दादरच्या क्लासच्या दारात मुलांची हजेरी, पिवळा. सहानंतर गाऱ्हाणी, लाल. अंघोळ राखाडी, कारण ती हलवता येते. तुम्ही केशरी. केशरी आजवर कोणाला दिला नव्हता. १४ तारीख, दहा ते दहा-वीस, अप्पा.

श्रावण आहे, पूजांना ऊत आलाय. तुमची अकरा घरं आता सव्वीस झाली आहेत, आणि मी कोणाला नाही म्हणत नाही. तुम्ही प्रत्येक घरी जाऊन चहा पीत बसायचात, तेवढा वेळ आता कोणाकडे आहे? मी लोकांना आधीच चिठ्ठीवर मागणी लिहून द्यायला सांगतो. खिशातून चिठ्ठी काढायची, बोलायचं, नारळ घ्यायचा, निघायचं. बारा मिनिटं.

आणि कधी अगदीच अडलं तर गाडीतून फोनवर. परवा नायगावात श्रेया नावाची मुलगी गाडी शिकत होती आणि मी बाजूला बसून शिवडीच्या एका घराचं गाऱ्हाणं स्पीकरवर घातलं. तिकडून "व्हय म्हाराजा" आलं की ही पोरगी इकडे ब्रेक दाबायची. मी तिला म्हटलं, असं का करतेस, तर म्हणाली, "सर, एवढी माणसं एकदम ओरडली तर थांबायला नको?" पॉइंट बरोबर होता.

काळजी करू नका. दहाला हजर.

तुमचा,
हितेंद्र


अँटॉप हिल
२ ऑगस्ट

चि. हितेंद्र,

आशीर्वाद. वीस मिनिटांत मावतील एवढेच.

देवाला फोन लावलास इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण गाडीत? देव तिकडे शिवडीच्या घरात पाटावर बसलाय, तू नायगावात, आणि मध्ये ती मुलगी ब्रेक दाबते आहे. देवाने नक्की कोणाचं ऐकायचं?

चहाबद्दल तू जे लिहिलंस ते मला लागलं. मी चहासाठी बसत नव्हतो, अर्ध्या घरांतला चहा तर पिण्यासारखाही नसायचा. मी बसायचो ते ऐकायला. माणूस चिठ्ठीवर लिहितो ते वेगळं असतं आणि त्याला हवं असतं ते वेगळं. घाडीगांवकरांच्या म्हाताऱ्याने मला सांगितलं, मुलाला बढती मिळू दे. दुसऱ्या कपाला कळलं की मुलगा दोन महिने त्याच्याशी बोलत नव्हता. मी देवाकडे बढती मागितलीच नाही. मुलगा समोरच उभा होता, त्याला ऐकू जाईल असं बाकीचं मागितलं. आरतीच्या आधी दोघं रडले. बढती अजून मिळालेली नाही.

चिठ्ठ्या कुठल्या खिशात ठेवतोस? सव्वीस चिठ्ठ्या आणि एक खिसा, यातून चांगलं काही निघणार नाही.

आणि १४ तारखेचं म्हणशील तर फार मनाला लावून घेऊ नकोस. मला आता भीती वगैरे राहिलेली नाही. अंबिकेच्या समाधानासाठी ये म्हटलं होतं. जमलं तर ये.

अप्पा

(समासात, दुसऱ्या अक्षरात) हितू, अप्पा थापा मारतायत. रोज दुपारी जिन्यात खुर्ची टाकून पोस्टमनची वाट बघतात. परवा झोपेत "दहा वाजले काय?" विचारत होते. तू आला नाहीस तर मी स्वतः काळाचौकीला येऊन तुझा तक्ता फाडीन. अंबिका.


काळाचौकी
६ ऑगस्ट

तीर्थरूप अप्पा,

नमस्कार. आज तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून पत्र बरं.

खिशाबद्दल तुम्ही लिहिलंत ते पत्र मला मंगळवारी दुपारी मिळालं. गोंधळ सोमवारी संध्याकाळी झाला होता.

लालबागच्या शैलाकाकी शिरोडकरांकडे पूजा होती. त्यांची मागणी साधी, मेघनाचं लग्न जमू दे. त्याच खिशात आमच्या कार्मेन मॅडमची चिठ्ठी होती. त्यांनी गिरगावातच मोठी जागा घेतली आहे, पण मागच्या खोलीत त्यांचा चुलतभाऊ इयान कॅरम क्लब मांडून बसलाय आणि हलत नाही. मॅडम कॅथलिक आहेत, पण पॅकिंगवाले सगळे आपले मालवणी. गाऱ्हाण्याशिवाय ते नव्या जागेत टेबल उचलून ठेवणार नाहीत. मॅडम म्हणाल्या, फादर येऊन आशीर्वाद देणारच आहेत, तूही घाल, कोणाचं का होईना लागू पडू दे.

तर शैलाकाकींकडे मी डोळे मिटले, तुमच्यासारखा आवाज लावला आणि कार्मेन मॅडमची चिठ्ठी बोललो. "बा देवा म्हाराजा, ह्या जागेत जो कोण चार वर्सां ठाण मांडून बसलो आसा, कोणाचा ऐकणा नाय, तेका आजच्या आज सुबुद्धी दी आणि तेची वाट मोकळी कर, म्हाराजा."

अप्पा, तुम्हाला आठवत असेल, शैलाकाकींचा मावसभाऊ गुणाजी, बसमधून निवृत्त झालेला कंडक्टर, चष्म्याचा नंबर काढायला म्हणून गावाहून आठ दिवसांसाठी आला होता. त्याला चार वर्षं झाली. तो समोरच पाटावर बसला होता. मी बोलून थांबलो आणि त्या घराने जी "व्हय म्हाराजा" दिली, तशी मी आजवर ऐकलेली नाही. शैलाकाकींच्या यजमानांनी तर दोनदा दिली.

गुणाजीने शिरा संपवला, हात धुतले, पिशवी भरली आणि तो माझ्या मागून जिना उतरला. मी विचारलं, कुठे सोडू? तो म्हणाला, "देवान वाट मोकळी केली, आता खय जावचा ता तू सांग. तोंड तुझा होता."

तो आता माझ्या खोलीत राहतो. पण वाईटातून चांगलं झालं. माणूस कंडक्टर, वेळेचा पक्का. मी त्याला टाइमकीपर नेमलं आहे. घरोघरी तो दारात छोटी घंटा घेऊन उभा राहतो आणि बारा मिनिटं झाली की बसमधल्यासारखी दोनदा वाजवतो. म्हणजे चला. केशरी ठोकळ्याची जबाबदारी मी त्याच्यावरच सोपवली आहे.

तुमचा,
हितेंद्र


अँटॉप हिल
९ ऑगस्ट

चि. हितेंद्र,

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की हर्निया बाहेर येऊन माझ्याबरोबर हसायला लागला. डॉक्टरणीने दोन दिवस हसण्यावर बंदी घातली आहे. पत्र उशीखाली आहे, अंबिका मला ते काढू देत नाही.

पण एक गोष्ट मला समजली नाही. आठ दिवसांसाठी येऊन जो माणूस चार वर्षं बसला, त्याला तू वेळेवर उठवण्याच्या कामावर ठेवलंस? गुणाजीला मी साठ वर्षं ओळखतो. लहानपणी तो आमच्याकडे पेरू मागायला आला होता, तो थेट एसेस्सीच्या परीक्षेलाच उठून गेला. बसमध्ये तो वेळेवर असायचा कारण बस ड्रायव्हर चालवत होता.

दुसरं, घंटेचं. पूजेच्या घरात दोनदा घंटा वाजली की मालवणी माणूस काय करतो, याचा विचार केलास का? केला नसलास तर कर.

तिसरं महत्त्वाचं. ऑपरेशन एक तास अलीकडे आलंय. अकराऐवजी दहा. म्हणजे तू नऊला यायला हवंस. मी पुन्हा लिहितो, नऊ. मागच्या पत्रात मी भीती नाही असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. अंबिकेने समासात काय लिहिलं ते मी टपालात टाकण्याआधी वाचलं आणि खोडलं नाही, यावरून तू काय ते समज. रांगेत पुढे सरकल्याचा मला आनंद व्हायला हवा, पण तो झालेला नाही.

अप्पा


काळाचौकी
१२ ऑगस्ट, गुणाजीच्या हस्ते

तीर्थरूप अप्पा,

पत्र आत्ता मिळालं. टपालाने उत्तर वेळेत पोचणार नाही, म्हणून गुणाजीकरवी पाठवतोय. पत्र दिल्याबरोबर परत यायला बजावलं आहे.

नऊ म्हणजे नऊ. अडचण एकच, त्याच सकाळी कार्मेन मॅडमच्या नव्या जागेचा मुहूर्त आहे. पण हिशेब जुळवला आहे. साडेसातला फादर, पावणेआठला मी, आठला गुणाजीची घंटा, सव्वाआठला टॅक्सी. गिरगाव ते परळ कितीही अडलं तरी पाऊण तास. मॅडमना नाही म्हणावं असं मनात आलं होतं, पण त्यांना मी जूनमध्येच हो म्हटलेलं. तुमचा ठोकळा कापून एक तास वर चिकटवला आहे.

घंटेचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. दोनदा वाजली की लोक आरती सुरू करतात. आतापर्यंत चार घरांत झालं. पण मॅडमचं ऑफिस आहे, तिथे कोण आरती करतंय?

हितेंद्र


अँटॉप हिल
१३ ऑगस्ट, संध्याकाळ

हितेंद्र,

गुणाजी काल बाराला आला. जेवला, झोपला, उठून अंबिकेच्या नवऱ्याशी रमी खेळला, पुन्हा जेवला. तुझं पत्र त्याने मला आज दुपारी दिलं, तेही मीच विचारल्यावर. आता अंबिका त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली आहे आणि तो खाली उतरेपर्यंत तिथेच उभी राहणार आहे. त्याच्याच हाती ही चिठ्ठी.

उद्या नऊ. बाकी काही लिहीत नाही.

अप्पा


काळाचौकी
१८ ऑगस्ट

तीर्थरूप अप्पा,

हॉस्पिटलात तुमच्यासमोर उभं राहून मला हे बोलता आलं नाही, आणि तुमचं कानाचं यंत्र पिशवीत होतं. तुम्ही झोपेतून उठून मला बघून हसलात आणि पुन्हा झोपलात. मी तसाच निघालो. त्यामुळे आज सगळं लिहितोय.

मी नऊला नव्हतो. दहाला दहा कमी असताना पोचलो. कारण सांगतो, माफ करा असं म्हणत नाही.

फादर वेळेवर आले, पण त्यांनी मोठ्या जागेला मोठा आशीर्वाद दिला. प्रत्येक खोलीत, प्रत्येक खिडकीत पाणी शिंपडलं, आणि इयानच्या कॅरम बोर्डावर पावडर ओली झाली म्हणून तिथे वेगळं भांडण झालं. मी साडेआठला सुरू केलं. पावणेनऊला आटपलं. गुणाजीने दोनदा घंटा वाजवली. अप्पा, पॅकिंगवाले चौदा मालवणी, आणि पार्सलच्या पेट्यांमागून एकाने झांजा काढल्या. त्या तिथे कशा आल्या ते मला अजून कळलेलं नाही. मालवणी माणसाने आरती सुरू केली की ती संपत नाही, फक्त दुसरी लागते. मी मधोमध, हातात ताट, ताट खाली ठेवायचं तर आरती चालू. मी गुणाजीकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, थांबव. त्याला वाटलं, मी पुन्हा वाजव म्हणतोय. त्याने वाजवली. मंत्रपुष्पांजली सव्वानऊला झाली.

मग मी ताट फादरच्या हातात दिलं आणि पळालो. गुणाजीला हाक मारली, तो केकच्या रांगेत होता. तो आलाच नाही. तो अजून तिथेच आहे, इयानच्या खोलीत कॅरम खेळतो आणि दोघं मिळून हलत नाहीत. मॅडमनी मला काल विचारलं की तुझ्या देवाला तू नक्की काय सांगितलं होतंस.

मी वॉर्डात शिरलो तेव्हा तुम्ही स्ट्रेचरवर होतात. आजूबाजूला सगळे हात जोडून उभे, अंबिका, दोन नर्स, वॉर्डबॉय, शेजारच्या खाटेवरचे प्लॅस्टरवाले गृहस्थ, आणि दारात डॉक्टर सॅशा मास्क लावून. तुमचे डोळे मिटलेले. मला फक्त शेवटची "व्हय म्हाराजा" ऐकू आली. मला वाटलं, कोणीतरी तुमचं गाऱ्हाणं घातलं, निदान सामील तरी व्हावं. म्हणून मी दारातूनच जीव तोडून "व्हय म्हाराजा" म्हणालो. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत आणि आत गेलात. तुमचं गाऱ्हाणं कोणी घातलं ते अंबिका सांगत नाही. ज्याने घातलं त्याचे पाय धरायचे आहेत. ते काम माझं होतं. मला स्वतःची लाज वाटते, अप्पा, झोप लागत नाही.

आणि त्या दिवसापासून काहीतरी बिनसलंय. दादरच्या क्लासने हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन आणलं, मला उद्यापासून येऊ नका म्हणाले. शनिवारी ड्रायव्हिंग स्कूलनेही नारळ दिला. श्रेया आणि आणखी दोन मुली लायसन्सच्या परीक्षेत नापास झाल्या. इन्स्पेक्टरचं कुठलंही वाक्य पूर्ण झालं की या ब्रेक दाबायच्या. चौकशीत माझं नाव आलं. निळा गेला, पिवळा गेला. भिंतीवर एवढी जागा रिकामी दिसते की भीती वाटते. नक्की कोणाची तरी नजर लागली आहे.

स्वतःचं मला घालता येत नाही. तुम्ही बरे झालात की माझ्यासाठी एक गाऱ्हाणं घाला. दोन्ही कामं परत येऊ देत, एवढंच मागा.

तुमचा,
हितेंद्र


अँटॉप हिल
२३ ऑगस्ट

चि. हितेंद्र,

अनेक आशीर्वाद, या खेपेला हातचं न राखता.

टाके सुकले. डॉक्टरीण शिवणीवर खूश आहे, मीही कापडखात्याच्या नजरेने बघितली, धागा बरा वापरलाय. अंबिका मला जिन्यात बसू देते. गुणाजीबद्दल कार्मेनबाईंना माझा निरोप दे, की चार वर्षांनी सवय होते.

तू माझं गाऱ्हाणं कोणी घातलं ते विचारतोस. कोणीच घातलं नाही. माझं राहूनच गेलं.

काय झालं ते सांगतो. मी साडेआठपासून दाराकडे बघत होतो. नऊ वाजले. सव्वानऊ. मला राग आला, मग रडू आलं, अंबिकेला दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. दहा वाजायला आले तेव्हा वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. चांगला मुलगा आहे, कणकवलीकडचा. त्याने माझ्या कानाशी येऊन मोठ्याने विचारलं, "बाबा, कोण येवचो हा काय?" मी म्हणालो, "येवचो हा. पण तेका वेळ नाय."

हे माझ्या तोंडून गेलं आणि मी माझंच वाक्य ऐकलं. सहा वर्षांत मला काही इतकं स्वच्छ ऐकू आलं नव्हतं. म्हटलं, आपण कसले घाबरतोय? आपल्याला शिवायला चार डॉक्टर उभे आहेत. ज्याला वेळ नाही, त्याला शिवायला कोणी नाही. स्वतःचं घालायचं नाही असा नियम आहे, पण दुसऱ्याचं घालायला मला कोणी मना केलेलं नव्हतं. मी स्ट्रेचर थांबवायला लावला आणि अंबिकेला नारळ पायाशी ठेवायला सांगितला. तिने तो गुणाजीच्या पाठीत घालण्यासाठी आणलेला नव्हता, देवासाठीच आणला होता.

मी बोललो ते शब्दशः लिहितो, म्हणजे तुझी शंका राहणार नाही. "बा देवा म्हाराजा, माज्या ह्या पुतण्याक तू चार कामां दिलंस आणि धा हात देवक इसारलंस. आता हात देव नको. कामां काढून घे. दोन काढ, तीन काढ, तुका वाटात ती काढ. पण तेका कोणाच्या घराक जावन बसाक वेळ दी, म्हाराजा." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" दिली. अंबिका सांगते, डॉक्टरणीने मास्कमधून दिली.

आणि मग मी डोळे उघडले तर दारात तू. घामाघूम, कपाळावर कार्मेनबाईंचा अष्टगंध. मला ऐकू येत नव्हतं, पण तोंड दिसतं. त्या वॉर्डात सगळ्यांत मोठं तोंड उघडून संमती कोणी दिली असेल, तर ती तू दिलीस. तेव्हा नजर-बिजर काही लागलेली नाही. देवाने दोन काढली, म्हणजे त्याने मोजमापाने केलंय.

तू आलास ते बघून मला इतकं बरं वाटलं की भीती कुठे गेली ते मी बघितलंही नाही. उशिरा आलास म्हणून ओरडायचं राहून गेलं, ते राहू दे.

आता तुझी नवी मागणी. कामं परत यावीत असं गाऱ्हाणं मी घालू शकतो. पण एकदा घातलेलं उलटवायचं असेल तर ज्याच्यासाठी घातलं त्याने घालणाऱ्याच्या घरी येऊन बसावं लागतं, आणि त्याला खरोखर काय हवंय ते कळेपर्यंत चहा प्यावा लागतो. हा नियम घराण्याचा नाही, मी आज सकाळी केला. कधी येतोस ते कळवू नकोस, वेळ ठरवू नकोस. मी घरीच आहे.

तुझा,
अप्पा